दुपारची नक्षी

"पेन्सिल खाली ठेव," म्याकल मास्तर म्हणाले. "आधी बसायला शीक."

मी पेन्सिल टेबलावर ठेवली आणि स्टुलावर बसले. खाली कारखान्यात चादरींचे चोवीस माग एका लयीत खडखडत होते आणि त्यांच्यामुळे वरच्या त्या लहानशा खोलीची फरशी पायांखाली बारीक थरथरत होती. मास्तर खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात सुताची तुसं तरंगत होती. ती खाली पडत नव्हती, वरही जात नव्हती.

"मास्तर, मी काय करू?"

"करायलीस की. बसलीस ना?"

तो माझा त्या खोलीतला पहिला दिवस. आषाढ होता. मी वीस वर्षांची होते, करमाळ्याहून सोलापूरला थोरल्या बहिणीच्या घरी आले होते आणि चित्रकलेची इंटरमीजिएट परीक्षा पास असल्याचा कागद सोडला तर माझ्याकडे काहीच नव्हतं. भावजींच्या ओळखीनं राजलिंगम शेठनी मला कामावर घेतलं. त्यांचा चादरींचा कारखाना साखर पेठेत होता. शेठनी पहिल्याच भेटीत काम सांगून टाकलं होतं. "मास्तरांनी चाळीस वर्षं आमच्या चादरींवरची डिझाईनं काढली. आता त्यांचे डोळे अधू झालेत. शालन, डोकं त्यांचं, हात तुझा. ते सांगतील ते ग्राफवर उतरवायचं. एवढंच."

ग्राफ म्हणजे बारीक चौकोनांचा मोठा कागद. एक चौकोन म्हणजे एक धागा. कागदावर भरलेल्या चौकोनांवरून पुढे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात, त्या पट्ट्या मागावर चढतात, आणि मग माग तीच नक्षी न चुकता विणत राहतो. चुकलेला एक चौकोन म्हणजे हजार चादरींवर तीच चूक. मला या कामाची भीती वाटायची ती त्यामुळे. पण मास्तर चौकोनांबद्दल काही बोलतच नव्हते.

आठवडाभर मी नुसती बसले. मग एका दुपारी डोळे मिटलेले असतानाच ते पुटपुटायला लागले. अर्धं मराठी, अर्धं तेलुगू.

"पायऱ्या... तांबड्या. एकावर एक. वर काहीतरी बसलंय... तोंड फिरवून."

मी झटकन पेन्सिल उचलली आणि काढत गेले. मराठी शब्द कळत होते, तेलुगू निसटत होते. करमाळ्यात तेलुगू कुठून कानावर पडणार? निसटलेल्या जागा मी अंदाजानं भरत होते. अर्ध्या तासानं त्यांनी डोळे उघडले.

"काय आलं?"

मी कागद पुढे धरला. त्यांनी तो हातात घेतला, नाकाजवळ नेला, आणि परत दिला.

"सांग. तोंडानं सांग."

"तांबड्या पायऱ्या आहेत. वर मोर आहे, मान मागे वळवलेला."

"हां." ते हसले, पण चेहरा पडला होता. "याला ओळखतो मी. माझं लग्न झालं त्या वर्षीचा मोर आहे हा. फाडून टाक."

असं महिनाभर चाललं. ते पुटपुटायचे, मी काढायचे, ते विचारायचे, मी सांगायचे, आणि ते म्हणायचे, जुनं आहे. कधी गुलाब, कधी कलश, कधी चौकटीत चौकट. मला वाटायचं दोष माझाच आहे. नवीन जे काही आहे ते त्या तेलुगू शब्दांमध्ये असणार आणि मला नेमकं तेच कळत नाही. मी बहिणीच्या शेजारणीकडून चार शब्द शिकायचा प्रयत्न केला. पाणी म्हणजे नीळ्ळू, फूल म्हणजे पुव्वू, त्यापुढे गाडी जाईना.

पण त्या महिन्यात ते मला, तेलुगूत लेकीला म्हणतात तसं अम्मा म्हणत, सारखं काहीतरी सांगतही होते. पानाला चुना लावता लावता, खिडकीतून बाहेर तोंड करून, जसं काही माझ्याशी बोलतच नाहीत.

"येणाऱ्याकडे टक लावून बघायचं नाही, अम्मा. नवी सून घरात येते तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं तर ती दारातच थबकते. आपण आपलं काम करत राहायचं. ती आपोआप आत येते."

किंवा, "पहिली रेघ चुकली तरी चालेल, पण मारायची. कोरा कागद बघितला की ते परत जातं."

आणि एकदा जरा रागावून, "काय आहे, कशाचं आहे, असं त्याला विचारू नको. नाव विचारलं की ते तेवढंच होऊन बसतं."

"पण मास्तर, ते येतं कुठून?"

खाली एका मागाची लय चुकली, कोणीतरी तो बंद केला, पुन्हा सुरू केला.

"मला माहीत असतं तर मी तिथंच जाऊन राहिलो असतो की," ते म्हणाले.

श्रावण संपता संपता शेठ वर आले. ते तसे कधी वर यायचे नाहीत. दारातच उभे राहून, मास्तरांकडे न बघता टेबलाकडे बघत बोलले.

"मास्तर, दिवाळीत मुंबईला प्रदर्शन आहे. सगळे कारखाने नवीन माल घेऊन येणार. आपण दोन वर्षं तोच मोर विणतोय. दसऱ्याच्या आत काही नवीन झालं तर बघा. नाहीतर मुंबईहूनच डिझाईनं मागवावी म्हणतो. मग ही खोली ठेवून तरी काय उपयोग."

"बघतो," मास्तर म्हणाले.

शेठ गेल्यावर त्यांनी पान तोंडात घातलं नाही. हातातच धरून बसले. त्यांची मुलगी पद्माक्का रोज दुपारी जेवणाचा डबा घेऊन यायची. विधवा होती, घरी विड्या वळायची आणि सकाळी विड्यांच्या कारखान्यात त्या द्यायला जाताना वडिलांना इथं सोडायची. तिनं डबा उघडला, दोघं तेलुगूत काहीतरी बोलली, आणि डबा तसाच परत गेला. मला वाटलं, या माणसाची चाळीस वर्षं माझ्या अडाणीपणामुळे वाया चालली आहेत.

भाद्रपदातली ती दुपार मला आजही अंगावर पांघरल्यासारखी आठवते. ऊन कडक होतं, वारा नव्हता. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं, उपास होता. मास्तरांनी डोळे मिटले होते. मी ग्राफ मांडून, पेन्सिल हातात धरून वाट बघत होते. खालून मागांची खडखड येत होती आणि मी सवयीनं तिच्यात बुडत चालले होते. एकाएकी वीज गेली.

चोवीस माग एकदम थांबले. इतकी शांतता मी त्या इमारतीत कधी ऐकली नव्हती. फरशीची थरथर थांबली तेव्हा जणू मला धरून ठेवणारं काहीतरी सुटलं. दूर कुठंतरी कावळा ओरडला. कोणीतरी जिना चढत होतं की उतरत होतं. आणि मग अगदी जवळून, हलक्या, जवळजवळ कुजबुजीच्या आवाजात मास्तर बोलले.

"लेपकू... पिल्ल सूस्तुंदी."

हेच ते, मला वाटलं. नवीन आलं. शब्दांचा अर्थ मला कळत नव्हता, पण या वेळी मी तो शोधलाही नाही. लेप ऐकू आला, तर लेपावर लेप दिसले. राखाडी पाण्याचा एक थर, त्यावर थोडा निळसर थर, त्यावर आणखी एक, घडी घातलेल्या साड्यांसारखे. पिल्ल ऐकू आलं, तर थरांच्या काठाकाठानं पिल्लं निघाली, बदकांची असावीत, एकामागून एक. पण गंमत अशी की ती पिल्लं कोणी काढलेली नव्हती. दोन थरांच्या मध्ये जी जागा मोकळी राहत होती, तीच पिल्लाच्या आकाराची होती. मी तिच्याकडे बघायला गेले की ती पाणी व्हायची. मी पाण्याकडे बघितलं की ती पुन्हा चालू लागायची. मग मी कशाकडेच बघितलं नाही. हात चालत होता एवढंच मला ठाऊक होतं. पहिली रेघ वाकडी गेली, मी ती तशीच ठेवली, आणि त्या वाकड्या रेघेवरूनच पाणी हललं.

वीज परत आली, माग सुरू झाले, तेव्हा कागद भरला होता. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं होतं. मास्तर जागे होते. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. मी पांढऱ्या तुसांनी माखलेले हात झटकत म्हटलं, "मास्तर, आलं. तुम्हाला आलं."

त्यांनी हात लांबवला. पाण्याचा तांब्या चाचपून माझ्यापुढे सरकवला.

पुढच्या आठ दिवसांत मी चौकोन भरले, पट्ट्यांना भोकं पडली, आणि कोपऱ्यातल्या मागावर पहिली चादर उतरली. आमच्या चादरी दुहेरी विणीच्या. एका बाजूला जो रंग नक्षीचा, तोच दुसऱ्या बाजूला जमिनीचा. ती चादर उलटी केली आणि मागावरचा विणकरच म्हणाला, "अगं आई!" उलट्या बाजूला पाण्याची पिल्लं झाली होती आणि पिल्लांचं पाणी.

शेठनी चादर दोन्ही हातांनी उजेडात धरली. चार वेळा उलटसुलट केली.

"मास्तर, अजून आहे की तुमच्यात!"

मास्तर चादरीवरून तळहात फिरवत होते. "ही माझी नाही," ते म्हणाले. "शालनची आहे."

शेठ हसले. मीही घाईघाईनं म्हणाले, "नाही हो शेठ. मास्तरांनी झोपेत सांगितलं, मी फक्त काढलं. मला कुठून सुचणार असलं?"

"म्हाताऱ्या माणसाचा मोठेपणा असतो तो," शेठ मला म्हणाले आणि प्रदर्शनासाठी चादरीवर चिठ्ठी लावायला सांगितली: म्याकल मास्तर डिझाईन. खोली राहिली. मला इतका आनंद झाला होता की मास्तरांनी मान खाली घातली हे मी बघितलं, पण त्याचा विचार केला नाही.

नवरात्रात पद्माक्कानं मला घरी बोलावलं. त्यांच्यात बतकम्मा असतो. ताटात रंगीत फुलांचे गोल थर रचून त्याचा उंच मनोरा करायचा आणि बायकांनी टाळ्या वाजवत त्याभोवती फिरायचं. संध्याकाळची वेळ, गल्लीभर झेंडूचा वास, आणि पद्माक्का माझ्याशेजारी बसून तेरड्याची फुलं निवडत होती. तेलुगू गाण्यातले शब्द कानावर पडत होते, तेव्हा मला सहज आठवलं.

"पद्माक्का, लेपकू म्हणजे काय हो?"

"लेपकू? उठवू नको. झोपलेल्याला उठवू नको."

"आणि पिल्ल सूस्तुंदी?"

ती हसली. "पिल्ल म्हणजे पोरगी. पोरगी बघतेय. हे कुठं ऐकलंस गं? हां, त्या दिवशी! वीज गेली होती तेव्हा. डबा द्यायला मी वर आले तर तू टेबलावर हनुवटी टेकून झोपलेली. डोळे अर्धे उघडे, हातात पेन्सिल. मला वाटलं चक्कर आली उपासानं. हाक मारणार होते. तर खुर्चीतून नाना म्हणाले, उठवू नको, पोरगी बघतेय. मी आपली पायांचा आवाज न करता खाली गेले."

"मास्तर जागे होते?"

"ते दुपारी कुठं झोपतात? आयुष्यात झोपले नाहीत कधी."

बायका टाळ्या वाजवत फिरत होत्या. मी तेरड्याचं एक फूल हातात घेऊन बसले होते आणि मला थंडी वाजत होती. आनंद झाला असेल असं कोणालाही वाटेल. मला भीती वाटली होती. ती नक्षी मास्तरांची होती तोवर तिला घर होतं. माझी म्हटल्यावर ती कुठून आली, आणि पुन्हा येईल का, हे कोणाला विचारायचं?

मास्तर आतल्या खोलीत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"महिनाभर तुम्ही काय बघत होता, मास्तर?"

त्यांनी माझ्या आवाजावरून ओळखलं की मला कळलं आहे.

"जुनंच. जे पाठ आहे ते. दोन वर्षांत मला काही आलेलं नाही, अम्मा. आधी वाटलं रागावलंय, परत येईल. मग कळलं, आता येत नाही."

"मग मला कशाला बसवलंत?"

"तुला एकटीला तिथं रिकामं बसू दिलं असतं का कोणी? शेठनी दुसऱ्या दिवशी झाडू हातात दिला असता. पोरगी नुसती खिडकीतून बाहेर बघते, हे कोणाला खपतं? म्हातारा झोपेत बोलतो आणि पोरगी लिहून घेते, हे मात्र सगळ्यांना पटतं." ते थांबले. "तुझ्या निसटलेल्या जागा होत्या ना, तेलुगू न कळलेल्या? तू त्या भरून सांगायचीस. बाकीचं माझं जुनं असायचं. त्या जागा जुन्या नव्हत्या. मी पहिल्याच दिवशी ओळखलं."

"तर तुम्ही मुद्दाम तेलुगूत..."

"थोडंसं," ते म्हणाले.

मला हसू आलं आणि रडूही. मग मी म्हटलं, "असू दे मास्तर. चिठ्ठी तुमच्या नावाची आहे, ती तशीच राहू दे. मला चालेल. तुम्ही खुर्चीत बसा, मी काढत जाईन. नाहीतर शेठ तुम्हाला..."

"उद्या आपण शेठकडे जायचं," ते मध्येच म्हणाले. "मी सांगणार. एकदा सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. मागच्या वेळी तू नाही म्हणालीस. उद्या काय म्हणशील ते तुझं तू बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेठच्या ऑफिसात उभे होतो. मास्तरांनी सगळं सांगितलं, स्वतःबद्दलही, काही न लपवता. शेठनी चष्मा वर केला.

"काय बोलायलाव मास्तर? मग दोन वर्षं तुम्ही वर काय करत होता?"

"बसून होतो," मास्तर म्हणाले.

शेठ माझ्याकडे वळले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. "शालन, खरं सांग. हे तू काढलंस? तुझं तू?"

ऑफिसच्या मागच्या भिंतीपलीकडे माग चालू होते. मला कळत होतं की हो म्हटलं तर त्या आरामखुर्चीत उद्यापासून मास्तर नसतील. नाही म्हटलं तर सगळं जिथल्या तिथं राहील, मास्तरांची चाळीस वर्षं, माझा पगार, सगळं. मास्तर माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझ्याकडे तोंडही वळवलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत राहिले, अगदी सहज, दुसऱ्याच कुठल्या कामासाठी आल्यासारखे.

"हो," मी म्हणाले. "मी काढलं."

शेठनी बराच वेळ टेबलावर बोटं वाजवली. मग चिठ्ठी बदलायला सांगितली. दसऱ्यापासून वरची खोली माझी, मास्तरांना कारखान्यातर्फे शाल आणि श्रीफळ, असं ठरलं. पुढे त्या खोलीत मी एकतीस वर्षं काढली. कधी आठवड्यात दोन नक्ष्या आल्या, कधी अख्खं वर्ष कोरडं गेलं. कोरड्या वर्षांत मी खुर्चीत बसून राहिले आणि कोणी विचारलं तर कामात आहे म्हणून सांगितलं. पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी ऑफिसबाहेर आल्यावर मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मला घरी सोड, अम्मा. मला रस्ता दिसत नाही."

"ऊन फार आहे ना आज."

"उन्हानं नाही. गेल्या शिमग्यापासून काहीच दिसत नाही. अंधार आणि उजेड, एवढंच कळतं. पद्माला माहीत आहे. आता तुला."

मी जागच्या जागी थांबले. नाकाजवळ धरलेले कागद, तोंडानं सांग म्हणणं, तांब्या चाचपणं. सगळं समोर होतं आणि मी ते बघितलं नव्हतं.

"म्हणजे ती चादर तुम्ही... तुम्ही तिची नक्षी बघितलीच नाहीत? आणि मला विचारलीही नाहीत?"

"नाही."

"मग ती चांगली आहे हे तुम्हाला कसं कळलं? शेठसमोर कशाच्या जोरावर उभे राहिलात?"

"माग बंद होते ना त्या दुपारी? मला तुझी पेन्सिल ऐकू येत होती." त्यांनी मान किंचित तिरपी केली, जसं काही अजून ऐकताहेत. "दोन तास. एकदाही थांबली नाही. मी आयुष्यभर त्या खोलीत बसलो, पण माझी अशी फक्त दोनदा चालली. विचारलं असतं तर तू मला दाखवण्यासाठी सांगितलं असतंस. मग ती तुझी राहिली नसती."

आम्ही चालू लागलो. साखर पेठेत ऐन बाजाराची वेळ होती, सायकली, हातगाड्या, सुताच्या गठ्ठ्यांनी भरलेला एक टांगा. मास्तरांचं बोट माझ्या खांद्यावर हलकं टेकलेलं होतं. थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "आता सांगायला हरकत नाही. काय आलं?"

"राखाडी आहे," मी म्हटलं. "पाणी आहे."

"हळू," ते म्हणाले आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मागून टांगेवाला ओरडला, सायकलवाले घंटा वाजवत दोन्ही बाजूंनी निघून गेले. मास्तरांनी डोळे मिटले. "घाई नाही. पहिल्या रेघेपासून सांग."

आणि मी पहिल्या रेघेपासून सांगायला लागले.